डेन्रॉय कप्तानाची कागदतपासणी

डेन्रॉय लिबर्डने एवढंच ठरवलं होतं, की समेहला डॉमिनोच्या टेबलाशी बसू द्यायचं नाही.

नेव्हिस बेटावरची स्वातंत्र्यदिनाची डॉमिनो स्पर्धा तोंडावर आली होती आणि डेन्रॉय गावाच्या जोडीचा कप्तान. (कप्तान कशामुळे, तर सोंगटी आपटताना सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. दोन टेबलं मोडलीत त्यानं. डाव किती जिंकले ते विचारू नका.) नेमका जोडीदार पाय मोडून घरी बसला.

"समेहला घे की," बायको अर्मिंटा म्हणाली. "छान खेळतो."

समेह बुत्रोस मूळचा इजिप्तचा. सरकारी निधीत पैसे भरून इथला नागरिक झालेला. असे लोक पासपोर्ट खिशात घालतात आणि बेटावर फिरकतही नाहीत. हा पठ्ठ्या मात्र येऊन राहिला. बसमध्ये चढला की सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचा, अर्मिंटाच्या खानावळीत बकऱ्याचा रस्सा मागून मागून प्यायचा, लोकांच्या सुटलेल्या शेळ्या भर उन्हात हाकून आणायचा. लाखात एक माणूस.

"विकतचा नागरिक तो," डेन्रॉय गुरगुरला. "मी इथल्या मातीतला."

"ते माझ्या फरशीला माहीत आहे," अर्मिंटा म्हणाली.

खरं दुखणं वेगळंच. समेहनं त्याला परवा, आवाजसुद्धा न करता, ओळीनं सगळ्या डावांत हरवलं होतं. आता हा टेबलाशी बसला, की कप्तानपद गेलंच म्हणून समजा.

स्पर्धेच्या सकाळी डेन्रॉय पंचांसमोर उभा राहिला. पंच म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण मिस युलाली.

"बाई, स्पर्धा नागरिकांची आहे ना? मग सगळ्यांचे कागद तपासा. कोण कुठं जन्मला ते मोठ्यानं वाचा. होऊन जाऊ दे."

समेहनं पासपोर्ट पुढे केला. बाईंनी वाचलं, "जन्म अलेक्झांड्रिया. नागरिक नेव्हिसचा. बसा." कुणी हसलंच नाही. उलट दोघातिघांनी सरकून जागा दिली.

डेन्रॉयनं जन्मात बेट सोडलं नव्हतं, त्यामुळे पासपोर्ट कुठला? अर्मिंटानं घरून बिस्किटाच्या डब्यातला जन्मदाखला आणला.

बाईंनी चष्मा पुसला. "जन्म माँटसेराट, म्हणजे शेजारचं परकं बेट. आई तिथली, बाप तिथला. अरे, तुला तान्हा असताना होडीतून आणलेलं दिसतंय. नागरिकत्वाचा अर्ज कधी केलास?"

"अर्ज कसला? माँटसेराट समोर तर आहे, बाई. इथून दिसतं."

"दिसतो तर चंद्रही," मिस युलाली म्हणाल्या. "पुढचा."

समेहच्या जोडीला अर्मिंटा बसली. नवऱ्याला इतकी वर्षं गप्प बसवणारी बाई, तिला सोंगट्यांचं काय कौतुक? ट्रॉफी गावातच राहिली.

समेह ट्रॉफी सोडून आधी डेन्रॉयकडे आला. "कप्तान, मनाला लावून घेऊ नका. अर्ज मी भरून देतो, माझा हात बसलाय. ओळख पटवायला नागरिक लागतो. सही माझी." आणि म्हणताना ओठांच्या कोपऱ्यातसुद्धा हसला नाही हो. याला म्हणतात खानदानी माणूस.

परदेशी पाहुण्यांना आयोजक भेट देत होते, ती डेन्रॉयलाही मिळाली: 'नेव्हिसला पुन्हा या' लिहिलेला टीशर्ट.

तो अंगात घालून डेन्रॉय घरी पोचला. अर्मिंटा ट्रॉफी घेऊन दारातच उभी होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या पाहुणे," ती म्हणाली. "किती दिवसांचा मुक्काम?"