लुंबिनीला नेलेल्या साठ गवऱ्या

चुलीवाचून सैपाक करावा तो साखऱ्याच्या जनकाबाईनं! हे मी माझ्याच तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगायचं न्हाई. आमची जाऊ पद्माबाई तर मुळीच न्हाई. तिनं पापड भाजला तरी घरातून एवढा धूर निघतो, की गाव घागरी घेऊन पळत येतं!

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या ह्यांना टायफाइड झाला. सोनाजी नाव, पण अंगावर गुंजभर मांस उरलं न्हवतं. आता, दीक्षा घेतली तवाच आमी नवस सोडले. म्हणून मी नवस केला न्हाई. फक्त मनात म्हटलं, हे माणूस उठून बसलं तर बुद्ध जिथं जन्मले तिथं जाईन आन् तिथल्या भंतेजींना माझ्या हातचे रोडगे वाढीन. याला नवस म्हणत न्हाईत. वचन म्हणतात.

माणूस उठलं! पुढच्या माघात कोंडीबा गुरुजींनी वीस जणांची लुंबिनीची यात्रा काढली. लुंबिनी नेपाळात. म्हणजे परदेश!

"परदेशात चूल कुठं मिळंल अक्का?" पद्माबाईनं खडा टाकला. "तिथं बरफ असतो म्हणे, नुस्ता बरफ!"

"रोडग्याला चूल कशाला लागते? गवऱ्या पेटवायच्या, फुफाटा झाला की कणकेचे गोळे त्यात पुरायचे. तवा न्हाई, शेगडी न्हाई. आन् गवऱ्या मी इथून नेते!"

बोलले ते बोलले! दोन महिने उन्हात उभी राहून थापल्या. साठ गवऱ्या! भाकरीवानी गोल, एकीला तडा न्हाई. पोतं गच्च भरलं.

"नरसिंगच्या माय," हे म्हणाले, "माझे कपडे कुठं ठेवू?"

"अंगावर!"

हिंगोलीच्या ठेसनावरून निघालो. चार गाड्या बदलल्या आन् चारी वेळा पोतं ह्यांच्या डोक्यावर. दुखण्यातून उठलेलं माणूस, मान तुराटीवानी, तिच्यावर ते धूड! मी म्हटलं, "द्या इकडं." तर म्हणे, "राहू दे. हलकं हाय."

गोरखपूरला चहा आणायला गेले ते टोपीवाल्या एका नेपाळ्याशी बोलत बसले. मी खिडकीतून ओरडले, "चहा आणून राहिले, का सोयरीक जमवून राहिले?" तसे आले. पोत्याकडं जरा बघत उभे राहिले.

चौथ्या दिवशी सांजंला सरहद्द आली. तिथं एक मिशाळ साहेब उभा.

"बोरे में क्या है?"

"गोबर," मी म्हटलं.

"गोबर?"

"हमारे घर का है. एकदम असली!"

"माताजी, हजार मील से गोबर कौन लाता है?"

बघा! खरं बोलून बी तकलीफ! त्याला वाटलं, आत सोनं दडवलंय. त्यानं एक गवरी फोडली. शेण. दुसरी फोडली. शेणच! जसजसं शेण निघालं तसतसा तो पेटत गेला. दहावी नाकाला लावून हुंगली. विसावी उजेडात धरली. चाळिसावीला मला भ्या वाटलं, आता चाखून बघतो का काय! साठच्या साठ फोडल्या आन् घाम पुसत म्हणाला, "माताजी, गोबर ही है."

"मग मी काय जिलबी म्हणत होते?"

पोत्यात उरला भुगा. भुगा भुरकन जळतो, निखारा धरत न्हाई. आन् निखाऱ्यावाचून रोडगा न्हाई.

"आता रोडगे उन्हात वाळवा, अक्का!" पद्माबाई म्हणाली.

मी उत्तर दिलं न्हाई. म्हणजे माझी हालत काय झाली असंल, तुमीच समजा!

सकाळी लुंबिनीच्या धर्मशाळेच्या पायरीवर मळलेली कणीक मांडीशी घेऊन बसले. भंतेजी बाराच्या आत जेवतात, बारानंतर घास न्हाई. नऊ वाजून गेले होते. परतीची गाडी दुपारचीच. हे शेजारी येऊन बसले.

"उभ्या जन्मात एकदाच मनातून काही मागितलं, ते तुमच्यासाठी," मी म्हटलं. "मिळालं. आन् मीच खोटी पडले."

तर ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला! "चल, पाय मोकळे करू."

धर्मशाळेच्या मागं वळलो आन् मी थिजलेच. समोर गाव. घराघराच्या भिंती, जोत्यापासून छपरापर्यंत, गवऱ्याच गवऱ्या! पाच बोटांचे ठसे बी बराबर माझ्यासारखेच. एक म्हातारी शेणानं भरलेले हात घेऊन थापत होती. तिला माझी भाषा न्हाई, मला तिची न्हाई. मी कणीक दाखवली, फुंकर मारून दाखवली. ती दोन दातांनी हसली आन् टोपलं भरून वाळलेल्या गवऱ्या दिल्या. वरून माझ्याबरोबर फुंकायला बसली.

साडेअकराला रोडगे निघाले. भंतेजींनी दोन घेतले. पद्माबाईनं पाच!

ह्यांच्या ताटात तूप सोडताना माझ्या डोक्यात टकटक व्हायला लागली. "का हो, त्या भिंती तुमाला कशा ठाऊक?"

हे रोडगा कुस्करत राहिले. "गोरखपूरला त्या नेपाळ्यानं सांगितलं. आमच्याकडं बी गाई-म्हशी हायेत म्हणाला."

"गोरखपूरला? मग पोतं तिथंच काहून न्हाई टाकलं? मान मोडून घ्यायची हौस होती?"

"दोन महिने उन्हात उभी होतीस, नरसिंगच्या माय. माझ्यासाठी. टाकू कसं?"

मी काहीच बोलले न्हाई. दोन दिवसांत दुसऱ्यांदा! पद्माबाई सहावा रोडगा खाली ठेवून लगबगीनं उठली आन् माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली.