नाबरबाईंची उपवर पुस्तकं

आमच्या लायब्ररीत नवीन पुस्तकं यायची असली की नाबरबाई सकाळी उठून आधी पोहे भिजवतात.

ओवी, कबीर, तुम्ही नेहमी तक्रार करता की मंगळवारी आणि शुक्रवारी आजी फोन उचलत नाही. त्याचं कारण हेच. या दोन दिवशी मी परळच्या एका हॉस्पिटलच्या लायब्ररीत जाते. डॉक्टरांसाठी आलेल्या पुस्तकांना कव्हरं घालते, लेबलं चिकटवते, कपाटं लावते. पगार नाही, पण घरी बसून तुमच्या आजोबांचे मोजे शोधण्यापेक्षा बरं. तिथल्या ग्रंथपाल म्हणजे नाबरबाई. गिरगावात एकट्या राहतात, बसने येतात. आवाज बारीक आणि हुकूम मोठा.

तर पोह्यांचं सांगते. वैद्यकीय पुस्तकं भलतीच महाग असतात, म्हणून पुस्तकवाले रमणीकभाई ती आधी आठवडाभर नुसती पाहायला ठेवून जातात. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी असते. एखाद्या डॉक्टरला पुस्तक कामाचं वाटलं तर तो चिठ्ठीवर सही करतो आणि हॉस्पिटल ते विकत घेतं. सही न झालेली पुस्तकं शनिवारी पेटीत बसून परत जातात. सही डॉक्टरचीच लागते, ग्रंथपालाची चालत नाही.

या सरळ व्यवहाराचा नाबरबाईंनी मुली पाहण्याचा कार्यक्रम करून टाकला आहे. पुस्तक ही मुलगी आणि डॉक्टर हे स्थळ. मोठ्या टेबलावर इस्त्रीची चादर, चादरीवर पुस्तकं, आणि पोह्यांचा डबा बाहेर पॅसेजमध्ये. कारण आत खायला बंदी आहे, आणि ती बंदी बाईंनीच घातलेली आहे.

मी नवीन होते तेव्हा सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे नीट ओळीत लावली होती. मला तसंच सुचतं. बाई आल्या, पदर खोचून टेबलाकडे बघत राहिल्या.

"सुधाताई, शाळेची कवायत आहे का ही?"

"का, बरं दिसत नाही?"

"बुजऱ्या मुली दाराजवळ बसवायच्या. पोहे खाऊन आत येणाऱ्याची पहिली नजर तिथे जाते. देखण्या मागे असल्या तरी त्यांना शोधत येतात मेले."

देखणी म्हणजे रंगीत चित्रांची, गुळगुळीत कागदाची. बुजरी म्हणजे बारीक टाइपाची, एकही चित्र नसलेली. सातवी-आठवी आवृत्ती असली तर "घराणं मोठं आहे", आणि शेवटची सूची चांगली असली तर "हाताखाली बरी आहे, विचाराल ते काढून देईल."

स्थळांचीही तपासणी होते. ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या सर्जनला त्या दारातच थांबवतात.

"हात धुवून या."

"बाई, आम्ही दिवसभर तेच करतो."

"ते पेशंटसाठी. आता पोह्यांचं तेल लागलंय, पुस्तकासाठी धुवा."

एकदा एक तरुण डॉक्टरीण मुलांच्या आजारांवरचा एक ग्रंथ उचलून म्हणाली, "ही जरा जाडच आहे, बाई." नाबरबाईंनी तिला दंडाला धरून पॅसेजमध्ये नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "नको असेल तर नको म्हण. पण तिच्यासमोर बोलू नकोस." शनिवारी परत जाणाऱ्या पुस्तकांना त्या स्वतः कागदात गुंडाळतात आणि पेटीत ठेवताना प्रत्येकाला सांगतात, "तुझ्यात काही कमी नाही गो. पत्रिका जुळली नाही, एवढंच."

विकत घेतलेलं पुस्तक कुणी घरी नेलं की ते "नांदायला गेलं". वेळेवर परत आलं नाही की बाई स्वतः फोन करतात. भूल देणाऱ्या एका डॉक्टरांचं नुकतंच लग्न झालं होतं. बाईंचा फोन त्यांच्या बायकोने घेतला. बाईंनी पुढचं-मागचं न सांगता सुनावलं, "त्यांना म्हणावं, दोन महिने झाले तिला ठेवून घेतलंय. आता तरी माहेरी पाठवा." डॉक्टरांना दोन दिवस कुणी चहा विचारला नाही. शेवटी बाईंनाच पुन्हा फोन करून सांगावं लागलं, "अगं, चौथी आवृत्ती आहे ती. निळ्या कव्हरची."

एक गोष्ट मात्र त्या कधी करत नसत. कुठल्याही पुस्तकाची शिफारस. "मी मुलीकडची," म्हणायच्या. "मला सगळ्याच गुणी."

हा नियम गेल्या महिन्यात मोडला.

त्या खेपेला एक लहानसं पुस्तक आलं होतं. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगावी, एवढाच विषय. चित्र नाही, तक्ता नाही. शुक्रवार उजाडला तरी चिठ्ठी कोरी. बाईंनी ते दाराजवळ ठेवून पाहिलं, खिडकीजवळ ठेवलं, शेवटी पोह्यांचा डबाच आत आणून त्याच्याशेजारी ठेवलं आणि स्वतःच घातलेली बंदी स्वतःच मोडली. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणू लागल्या, "हे बघा ना जरा." डॉक्टर पोहे खायचे, पुस्तक उलटसुलट करायचे आणि म्हणायचे, हे कळतंच की आपल्याला.

दुपारी हाडांचे डॉक्टर घाटगे आले. मोठा माणूस, बोलणं तुटक. पोहे खायला येतात आणि सही कशावरच करत नाहीत अशी त्यांची ख्याती.

"डॉक्टर, हे तुम्ही घ्या," बाई म्हणाल्या.

"मला हाडं समजतात, बाई. शब्द नाही."

"म्हणूनच घ्या."

मी लेबल चिकटवायची थांबले. घाटगे पण थांबले.

"एवढं काय आहे त्यात?"

बाईंनी चादरीची सुरकुती काढली. मग म्हणाल्या, "माझा भाऊ, बाळू. आम्ही दोघंच होतो घरात. दुसऱ्या एका हॉस्पिटलात होता, पाय मोडला म्हणून. ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी गेला. तिथले डॉक्टर लिफ्टपाशी भेटले. म्हणाले, हे बघा, ऑपरेशन नीटच झालं होतं, पण. तेवढ्यात लिफ्ट आली. ते गेले."

"मग?"

"मग काय. 'पण'च्या पुढचं राहिलं. नंतर कुणाला विचारणार? पाय मोडून माणूस जातो का हो?"

घाटग्यांनी पुस्तक उचललं. सही केली नाही. "न वाचता मी सही करत नाही," एवढंच म्हणाले आणि पुस्तक घेऊन चालू लागले. विकत न घेतलेलं पुस्तक लायब्ररीबाहेर न्यायचं नसतं. चष्म्याच्या डॉक्टरांनी एकदा नुसतं पायरीपर्यंत नेलं तर बाईंनी हाक मारून मागे बोलावलं होतं. या वेळी त्या पाहत उभ्या राहिल्या.

शनिवारी रमणीकभाई आले, पेटी भरली, एक पुस्तक कमी भरलं.

"बाई, एक कुठे गेलं?"

"बाहेर गेलीय."

"येणार कधी?"

"पाहुण्यांकडे आहे. तुम्हाला एवढी काय घाई, रमणीकभाई?"

"सही नसेल तर परत द्यावी लागेल हां."

हे सगळं मला मंगळवारी ऐकायला मिळालं. बाईंनी सकाळपासून एकच कार्ड तीनदा खोक्यात घालून तीनदा काढलं होतं. रमणीकभाईंनी मंगळवारपर्यंतच मुदत दिली होती; सही नाही झाली तर ते पुस्तक त्याच दिवशी परत जाणार होतं.

दहाच्या सुमाराला घाटगे आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. चिठ्ठी बाहेर डोकावत होती आणि तिच्यावर त्यांची ती कुणालाही न वाचता येणारी सही होती.

"छोटं आहे," ते म्हणाले. "रविवारी संपलं. पहिल्याच प्रकरणात लिहिलंय, खाली बसून बोला. तीस वर्षं मी उभ्यानेच बोलत आलो."

मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली, नाबरबाईंच्या समोर ठेवली आणि बसले.

"आता सांगा. भावाचा कुठला पाय? ऑपरेशननंतर दम लागला होता का?"

बाई सांगत गेल्या. मांडीचं हाड, सकाळची वेळ, अचानक घाबरा झाला. घाटगे ऐकत होते. एका कोऱ्या कागदावर त्यांनी पाय काढला, पायातली शीर काढली, तिच्यात रक्ताची एक गुठळी काढली आणि ती वर फुप्फुसापर्यंत कशी गेली असेल ते बाणाने दाखवलं. कागदपत्र पाहिल्याशिवाय खात्री देत नाही, पण बहुधा हेच, म्हणाले.

बाईंनी त्या बाणावर बोट ठेवलं.

"मी त्या सकाळी त्याला उठवून बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "नर्स म्हणाली होती, पण बसवलं मीच. पाठीला हात लावून. त्याने तर नाही ना हलली ती?"

बाईंना इतकी वर्षं हेच विचारायचं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"नाही," घाटगे म्हणाले. "मी आमच्या प्रत्येक पेशंटला उठवून बसवतो. तेच करायचं असतं. तुम्ही बरोबर केलंत."

त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो पाहिला, बंद केला, टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "अजून काय विचारायचंय?"

दाराशी दोन डॉक्टर येऊन उभे होते. मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.