उलटा पाव

"ओत्ताव्हिया, तुझ्या होणाऱ्या सासूने पाव उलटा ठेवलाय," अर्जिया मुलीच्या कानात पुटपुटली. "हे लग्न काही तडीस जात नाही."

तो पाव बोनारियाबाईंनी थेट सार्डिनियाहून आणला होता. ताटाएवढा गोल, पापडासारखा पातळ. बोटीत रात्रभर त्यांनी तो मांडीवर धरला होता, झोपलेलं मूल धरावं तसा. शेजारी अर्जियाचा स्वतःचा पाव होता. जाडजूड आणि तोस्कानातल्या तमाम पावांसारखा अळणी.

"आई, पापडाला कसली उलटी बाजू?"

"गुळगुळीत ती पाठ, खरखरीत ते पोट. पोट वर करून कोण पडतं? मेलेला मासा! मागे आपल्याकडे पाव असाच उलटा पडला, आणि वर्षात गाढव गेलं."

"ते म्हातारं होतं," सुपाकडे बघत अर्जियाचा नवरा उलिस्से म्हणाला.

बोनारियाबाई हात धुवायला गेल्या. अर्जियाने हळूच पाव परतला. त्या येऊन बसल्या आणि दचकल्या.

"अगं बाई! उलटा कुणी केला?" त्यांनी तो पुन्हा परतला. "विहीणबाई, खरखरीत बाजू वर हवी. गुळगुळीत वर ठेवली तर पाहुण्याला 'ऊठ' म्हटल्यासारखं होतं."

"आमच्या घरात उलट्या पावापुढे लग्न ठरत नाही."

"मग आमच्यात तुमच्या सुलट्यापुढे ठरत नाही! बास्तियानो, कोट घाल!"

पाव परतला, पुन्हा परतला. तव्यावरच्या धिरड्यानेही इतक्या कोलांट्या मारल्या नसत्या. ओत्ताव्हिया रडकुंडीला आली. नवरदेव बास्तियानोचा एक हात कोटाच्या बाहीत, दुसरा तिच्या हातात.

"उभा धरा रे!" भुकेने व्याकूळ झालेला उलिस्से ओरडला. "उभ्याला ना वर, ना खाली!"

मग बास्तियानोने पाव दोन्ही हातांनी आरशासारखा उभा धरला.

"पोट माझ्याकडे का?" अर्जिया म्हणाली.

"मग पाठ माझ्याकडे का?" बोनारियाबाई म्हणाल्या.

बिचारा बास्तियानो टेबलावरच्या पंख्यासारखा पाव हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवू लागला. हात गुंतलेले, म्हणून ओत्ताव्हिया त्याला चमच्याने सूप भरवू लागली. दोन्ही आयांना ते दिसतही नव्हतं. दोघींची नजर पावावर.

आणखी एकाची नजर पावावर होती. ओत्ताव्हियाच्या बहिणीचं बाळ, एलिओ, आजोबा उलिस्सेच्या मांडीवर बसून कधीपासून वाट बघत होतं. पाव फिरत फिरत त्याच्यासमोर आला, आणि त्याने दोन्ही मुठींनी झडप घातली.

कर्रर्र!

चुरा सुपात, चुरा वाइनमध्ये, चुरा बोनारियाबाईंच्या केसांत. एलिओने एक कपटा तोंडात घातला, चघळला, आणि आपले दोनच्या दोन दात दाखवत हसला.

"घ्या! शोधा आता पाठ नि पोट," बोनारियाबाई म्हणाल्या आणि त्यांनाच हसू फुटलं.

अर्जियाने त्यांच्या केसांतला चुरा अलगद टिपला. "द्राक्षांची तोडणी झाली की लग्न उरकू, विहीणबाई. चालेल?"

"धावेल!"

उलिस्सेने डोळे मिटून देवाचे आभार मानले. अर्जियाने आनंदाने स्वतःच्या पावाचा जाड तुकडा कापून विहिणीच्या पुढ्यात ठेवला. बोनारियाबाईंनी तो चावला. थांबल्या. पुन्हा चावला. मग सख्ख्या बहिणीच्या मायेने अर्जियाच्या कानाशी वाकल्या.

"होतं हो घाईत असं. मीठ विसरलात."

अर्जियाच्या हातातली सुरी थांबली.

उलिस्सेने एलिओला उचललं आणि थेट त्या पावासमोर नेऊन बसवलं.

"चल रे बाळा, हाही मोड."