बोरगव्हाणचा 'टोटली'

ता. १९ जानेवारी. सकाळी धुकं, दहानंतर कोरडं ऊन, वारा नाही. बोरगव्हाणात 'कम्प्लीटली' हा इंग्रजी शब्द एकच होता आणि त्या दिवशी तो खैरमोड्यांकडे लग्नाला गेला होता.

'अगदी', 'पुरतं', 'सगळंच' असे शब्द गावात घरोघरी होते. रोजचं त्यात भागत असे. मोठ्या कार्याला मात्र पूर्णपणा दाखवणारे इंग्रजी शब्द लागत. ते गावच्या मंडळाच्या भांडारात, मोठ्या पातेल्यांच्या वरच्या फळीवर असत. मागेल त्याला मिळत. अट एकच होती. शेजारणीची वाटी जशी कोणी रिकामी परत करत नाही, तसा शब्दही रिकामा परत करायचा नाही. आत खरं असं काहीतरी घालून आणायचं.

पिठाची गिरणी चालवणाऱ्या शरयू गोडांबे दुपारी भांडारात आल्या तेव्हा त्यांच्या भुवयांवर अजून पीठ होतं.

"तात्या, 'कम्प्लीटली' द्या."

भांडार सांभाळणारे हणमंततात्या सतरंजीची घडी घालत होते. "तो परवा येईल. तुम्हाला कशाला?"

"बेकरीवाल्या किणीकरांनी लग्नाचं विचारलंय. आज पाचच्या गाडीने ते कायमचे मुलाकडे नाशिकला निघालेत. मी हो म्हटलं तर राहणार. पण म्हणाले, शरयूबाई, अर्धवट हो नको, अर्धवटपणाने मी एकदा पोळलोय."

"मग 'अ‍ॅब्सोल्युटली' न्या म्हटलं असतं, पण तो कल्हईला गेलाय. 'टोटली' आहे. मात्र पोकळ आहे हो. कॉलेजच्या पोरांनी नेला, 'टोटली बोअर झालं' म्हणाले आणि तसाच आणून आपटला."

"आत काहीच नाही?"

"फुंकर मारली तरी हलतो. आता तुम्ही न्याल तर त्यांच्या वाटचंही तुम्हालाच भरावं लागेल. बघा बुवा."

शरयूबाईंनी 'टोटली' पदराखाली घेतला आणि त्या निघाल्या. खरंच त्याला वजन नव्हतं.

किणीकर बेकरीच्या पायरीवर बसले होते. शेजारी ट्रंक, वर छत्री.

"मी टोटली तयार आहे," शरयूबाई म्हणाल्या.

रिकाम्या पिंपावर टिचकी मारावी तसा आवाज झाला. किणीकरांनी खाली पाहिलं.

"पोकळ आहे हा."

"माहितीये. भरायलाच आणलाय. सरका जरा."

त्या पायरीवर बसल्या आणि शब्द दोघांच्या मध्ये ठेवला. "मी घोरते. गिरणी बंद करणार नाही. तुमची खारी मला आवडत नाही, तूप कमी असतं."

"आठ वर्षं नेताय की!"

"खारीसाठी येत होते असं कोणी सांगितलं?"

शब्द पायरीवर जरासा टेकला. किणीकरांनी तो हलवून पाहिला. मग तेही बोलू लागले. पहिल्या बायकोचा फोटो भिंतीवरच राहील. पहाटे तीनला भट्टी पेटवावी लागते, तेव्हा भांडी वाजतील. नाशिकला जायची त्यांना मुळीच इच्छा नाही; इथे एकट्याने जेवायचा कंटाळा आला म्हणून निघाले होते.

"हे आधी का नाही बोललात?"

"तुम्ही दळण घेता आणि पुढचा नंबर पुकारता. बोलू कधी?"

"आणि मला भीती वाटते," शरयूबाई हळूच म्हणाल्या. "या वयात लोक हसतील."

"हसतील. भीती मलाही वाटते."

तेवढ्यात शब्दाखालच्या फरशीला बारीक तडा गेला. चौकात गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर ओरडला, "किणीकरकाका, येताय ना?"

"आता पुन्हा म्हणा," किणीकर म्हणाले.

"मी टोटली तयार आहे."

या वेळी आवाज आला नाही. समोरच्या लिंबावरचे कावळे तेवढे उडाले. किणीकरांनी कंडक्टरला हाताने जा म्हणून खूण केली आणि ट्रंक आत नेली.

संध्याकाळी दोघं शब्द परत करायला उठले, तर तो उचलवेना. तात्या पहार घेऊन आले, खैरमोड्यांच्या मांडवातून चार माणसं आली. शब्द हलला नाही. तात्यांनी वाकून पाहिलं, कान लावला आणि म्हणाले, "भरलाय. ठेवा इथेच."

मंडळाने तसा ठराव केला. लग्न दहा फेब्रुवारीला झालं. गिरणी चालू आहे. 'टोटली' बेकरीच्या पायरीवर आहे. ज्याला तो वापरायचा असेल त्याने तिथे येऊन बसावं लागतं. सोमवारी बेकरी बंद असते.