मेश्रामकाकांची सदाफुली

मे महिन्यात सारं नागपूर कूलरसमोर आडवं पडतं, तेव्हा आमचे शेजारी मेश्रामकाका डोक्याला दुपट्टा गुंडाळून भर दुपारी अंगणात पहारा देत. चोरांवर नव्हे हो, पाणी घालणाऱ्यांवर!

काकांची हयात जरीपटक्याच्या वस्त्यांना पाणी सोडण्यात गेली. नळाची चावी त्यांच्या हाती आणि शिव्या सगळ्यांच्या तोंडी. निवृत्त झाले त्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं, "आता पाणी मांगणारं कोणी जवळ नाही पाहिजे. झाडबी नाही!"

म्हणून सदाफुली. मुरमाड माती, सावलीचा पत्ता नाही, आणि ती बया बाराही महिने गुलाबी हसायची. कोणी कौतुक केलं की काका मिशीवरून हात फिरवत, जणू फुलं तिथेच उगवली आहेत.

एकदा माझ्या बायकोला दया आली. कूलरमधलं उरलेलं बादलीभर पाणी तिने कुंपणावरून ओतलं. काका घराला आग लागल्यासारखे धावत आले.

"काहून वं बाई, जीव घेऊन राहिली का तिचा?"

"अहो काका, सुकली होती!"

"दुपारी मान टाकते, संध्याकाळी उठते. नाटकं हायेत तिचे! मुळं सडल्यावर तू उठवशीन काय?"

तेव्हापासून बायको कूलरसुद्धा त्यांना विचारून रिकामा करू लागली.

काकू गेलेल्या, मुलगी रायपूरला. काका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहाला येत आणि चहात पाणी फार झालं म्हणून कुरकुरत दोन कप पीत.

मग आम्ही रामदासपेठेत फ्लॅट घेतला. सांगितलं त्या संध्याकाळी काका अर्धा कप तसाच ठेवून उठले. पुन्हा चहाला फिरकलेच नाहीत.

सामानाचा ट्रक भरून झाला, तेव्हा मात्र सदाफुलीचं रोप लावलेली कुंडी घेऊन हजर.

"बाल्कनीत ऊन येते का?"

"भरपूर."

"मंग ठेव. बोट खुपसून पाह्य, माती कोरडी लागली तरच पाणी दे. आठ दिवस ढुंकून नाही पाह्यलं तरी चालते. अन् मले रोज संध्याकाळी फोन कर."

मी चिडवायची संधी सोडतो होय? "आठ दिवस चालतं ना काका? मग रोज फोन कशाला?"

"झाडाले चालते गा," काका म्हणाले, आणि ट्रकचा घट्ट आवळलेला दोर पुन्हा सोडून बांधू लागले.