भिंतीवरचे अकरा देश

माझ्या उजव्या हाताचा अंगठा सरकारमान्य आहे! थट्टा नाही करत. हिंगणघाटच्या कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर. समोर कापसाची बैलबंडी उभी राहिली की मी मूठभर कापूस उचलणार, अंगठ्यानं धागा ओढणार आणि डोळे मिटून प्रत सांगणार. मी "चार नंबर" म्हटलं की शेतकरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण नंबर चारच राहतो. आता तुम्हीच सांगा, ज्या अंगठ्याला कापसाची जात कळते, त्याला तलवारीची जात कळायला काय जड आहे?

मला जुन्या हत्यारांचा नाद. एकोणऐंशी सालापर्यंत आमच्या बैठकीच्या भिंतीवर अकरा हत्यारं होती आणि अकरा देश होते. तुर्कस्तानची तलवार, पोर्तुगालची तलवार, अरबस्तानचा जंबिया, नेपाळची खुकरी... चीनची एक सुरी होती, तिला मूठ नव्हती, पण वाकडेपणावरून ती चीनचीच! प्रत्येकाखाली देशाच्या नावाची चिठ्ठी. आणि मधोमध माझा जीव की प्राण, सोनेरी मुठीचा इराणी खंजीर.

हे सगळं यायचं जामच्या फाट्यावरून. तिथं चंद्रभानचं भंगाराचं दुकान. हैदराबादकडचे ट्रक तिथं थांबतात, आणि ट्रकमधून जगातलं काय येईल ते सांगता येत नाही. चंद्रभान पोत्यातून एखादी वस्तू काढायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

"भाऊ, हे कुठचं असंन जी?"

मी पात्यावरून अंगठा फिरवायचो. "इराण!"

"पाहा! मी बी सकाळपासून इराणच म्हणून राह्यलो!"

असा जाणकार दुकानदार शोधून सापडणार नाही.

घरात बारावं हत्यारही होतं, पण ते भिंतीवर नव्हतं. माझी बायको जयवंता पवनारची. तिच्या आजोबांची एक कट्यार तिनं माहेराहून आणलेली. काळपट पातं, साधी मूठ. ती स्वयंपाकघरात, लाल फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगलेली असायची. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू टोचतात. लग्न लागेपर्यंत नवरदेवानं ती खाली ठेवायची नाही. नजर लागू नये, बाधा होऊ नये म्हणून. जयवंताची कट्यार हाती असली की संसार सुखाचा होतो, असा पंचक्रोशीत बोभाटा! म्हणून लग्नसराईत ती कट्यार घरी कमी आणि मांडवात जास्त. आमच्या लग्नात ती माझ्याच हातात होती. त्यामुळे बोभाटा खरा की खोटा, यावर मी काही बोलत नाही.

"माह्या आबाजीची कट्यार बी लावा ना भिंतीवर," जयवंता दरवर्षी म्हणायची.

मी एकदा दुरूनच नजर टाकून निकाल दिला होता. "देशी आहे. साधं लोखंड. चार नंबर!"

"धार हाय तिले."

"धार विळ्यालाही असते!"

तर, एकोणऐंशीच्या मे महिन्यात नागपूरच्या प्रभाकररावांचं पत्र आलं. जुन्या हत्यारांतला मोठा माणूस. वर्ध्याला ते प्रदर्शन भरवणार होते आणि माझा संग्रह पाहायला गुरुवारी येणार होते. पसंत पडेल ती वस्तू मालकाच्या नावासकट काचेच्या पेटीत! मी ते पत्र केंद्रावर चौघांना वाचून दाखवलं, मग काट्यावरच्या हमालांना, मग ज्याचा कापूस चार नंबर ठरवला होता त्यालाही. पेंटरकडून पाटीसुद्धा रंगवून घेतली: 'संग्राहक: श्री. बबनराव ढगे, हिंगणघाट'. आता प्रभाकररावांनी पसंती दिली नाही तर केंद्रावर तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

इराणी खंजिरावर धूळ बसू नये म्हणून मी जयवंताच्या लाल फडक्याचा अर्धा तुकडा फाडला आणि त्यात तो गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवला. इथंच माशी शिंकली!

बुधवारी जयवंता शेजारी पापड लाटायला गेली होती. तेवढ्यात वडनेरचे पुंडलिकराव घामाघूम होऊन दारात. त्यांच्या श्रावणचं दुसऱ्या दिवशी लग्न.

"बबनराव, लवकर कट्यार द्या जी! यष्टी उभी हाय, हळदीचा टाइम होऊन राह्यला!"

मी स्वयंपाकघरातून हाताला लागलं ते लाल गाठोडं उचललं आणि त्यांच्या हाती दिलं.

गुरुवारी प्रभाकरराव आले. बारीक अंगाचे, शांत, खिशात भिंग. भिंतीसमोर उभे राहिले. मी एकेक देश सांगत गेलो आणि ते प्रत्येक देशाला "हं" म्हणत गेले. दहा देश, दहा हं. मला वाटलं, भारावले!

"आता डोळे मिटा साहेब," मी म्हणालो आणि त्यांच्यासमोर लाल गाठोडं सोडलं.

आत काळपट पातं. टोकाला सुकलेलं लिंबू. हळदीचे डाग.

"हे काय?" प्रभाकररावांनी डोळे उघडले.

"काही नाही! हे घरचं!" मी गाठोडं झटकन बंद केलं आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडलो, "जयवंता! माझा इराण वडनेरला गेला!"

ती पदराला हात पुसत आली. गाठोडं सोडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो, कालच तं हे गिरडच्या लग्नातून आली. लिंबू बी काढ्याचं होतं मले. काऊन हात लावता तुमी माह्या वस्तूले?"

"आता काय करायचं?"

"करता काय! लग्नाले जायचंच हाय. हे देऊ, ते आणू." तिनं कट्यार गाठोड्यासकट पिशवीत टाकली. "साहेब, तुमी बी चला. जेवण चांगलं राहते तेईच्या घरचं."

उन्हं उतरायच्या सुमारास आम्ही तिघं एसटीनं वडनेरला पोचलो. मी वाटेत इराणच्या बादशहांबद्दल जे काही ठाऊक होतं ते सांगितलं, आणि जे ठाऊक नव्हतं तेही सांगितलं.

मांडवात पाय टाकतो न टाकतो तोच नवरदेवाची आत्या रुख्माबाई अंगावर धावून आली.

"बबनभाऊ! कायची कट्यार देल्ली जी तुमी! लिंबू टोचाले गेली मी, तं टोकच वाकलं!"

"काय वाकलं?"

"टोक! कालपासून लिंबू दोऱ्यानं बांधून ठेवलं हाय. बाया हासून राह्यल्या मले!"

नवरदेव श्रावण पाटावर बसला होता. हातात माझा इराणी खंजीर. टोक पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं, त्याला पांढऱ्या दोऱ्यानं लिंबू बांधलेलं, आणि हळदीच्या ओल्या हातानं मुठीचं सोनं उतरून श्रावणच्या बोटांना लागलेलं.

प्रभाकररावांनी भिंग लावलं. "बबनराव, हा पत्रा आहे. नाटकात वापरतात तो. मुठीला बेगड लावलीय."

"साहेब, उन्हानं नरमला असेल!"

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. त्या क्षणी मला केंद्रावरचे सगळे चेहरे दिसले. हमालांचे तर फारच स्पष्ट दिसले.

तिकडे जयवंतानं गाठोडं सोडलं, सुकलेलं लिंबू उपटून टाकलं आणि नवं लिंबू टोचायच्या आधी पातं पदरानं खसाखसा पुसलं. प्रभाकररावांची नजर तिकडे गेली आणि ते जागच्या जागी उभे राहिले.

"थांबा, बाई! थांबा!"

लिंबाचा रस रात्रभर जिथं ओघळला होता, तिथं काळपटपणा जाऊन पातं उजळलं होतं. त्यात बारीक बारीक लाटा दिसत होत्या. वाऱ्यानं धाम नदीच्या पाण्यावर उठतात तशा.

"जौहर!" प्रभाकररावांनी पुन्हा भिंग काढलं. "अस्सल जुनं पोलाद! पोलादातल्या या लाटांना जौहर म्हणतात. त्या उजळायला जुने कारागीर लिंबाचाच रस लावायचे. आणि बाई, तुम्ही तर प्रत्येक लग्नात..."

"माझा अंगठा काय म्हणतो ते पाहू द्या आधी!" मी पुढं घुसलो. इतक्या वर्षांचा ग्रेडर असा गप्प बसेल? "साहेब, हे देशी लोखंड. चार नंबर!" असं म्हणून मी पात्यावरून अंगठा फिरवला.

रक्ताची धार लागली! आठ वर्षं अकरा देशांवरून फिरलेल्या अंगठ्याला पहिल्यांदाच हत्यार लागलं होतं. जयवंतानं ताटातली मूठभर हळद माझ्या अंगठ्यावर दाबली.

"सांगतलंतं ना, धार हाय तिले?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

इतक्यात "मुहूर्त आला, मुहूर्त आला" म्हणून ओरडा झाला. रुख्माबाईनं कट्यार ओढून घेतली, लिंबू टोचलं आणि श्रावणच्या हाती दिली. प्रभाकररावांना कुठला धीर! ते श्रावणच्या मागं मागं निघाले. तो उठला की हे उठले, तो वळला की हे वळले, आणि मान खाली घालून, भिंग लावून त्याच्या मुठीत डोळे घातलेले.

मुलीच्या मामानं हे पाहिलं. ओमप्रकाशजी नाव, वर्ध्याचे कापडवाले, आवाज खणखणीत.

"क्या हो रहा है ये? नवरदेवाच्या हाताले काय झालं? भिंग लावून कोण पाहून राह्यला?"

"डाक्टर असंन!" कुणीतरी म्हणालं.

"भर मांडवात डाक्टर? खरूज हाय का पोराले?"

बस! खरूज हा शब्द मांडवभर पसरायला वेळ लागला नाही. "पोराले खरूज हाय म्हन्ते!" "हातभर पिवळी झाली!" "पिवळी तं हळद हाय वं!" मुलीच्या आईनं मुलीला आत नेलं. वाजंत्री थांबली. पुंडलिकराव मटकन खाली बसले. "माह्या पोराचं लगन मोडून राह्यलं जी!" श्रावण रडकुंडीला आलेला, पण कट्यार काही खाली ठेवता येईना!

मी पुढं झालो. शेवटी चूक माझ्याच हातची. तोंड उघडलं, पण काय सांगू? माझा इराण पत्र्याचा निघाला, हे भर मांडवात?

जयवंता मात्र सरळ ओमप्रकाशजींसमोर गेली. "भाऊ, साहेब हात नाई पाहून राह्यले, माही कट्यार पाहून राह्यले. लई जुनी हाय म्हन्ते. आमच्या यजमानाले वळखू आली नाई, म्हणून नागपूरहून माणूस आणा लागला! इचारा त्याइलेच."

सगळा मांडव माझ्याकडे वळला.

मी हळदीचा अंगठा वर केला. "खरं आहे," म्हणालो. "मी चार नंबर म्हटलं होतं. अंगठा कापला. माझा खंजीर पत्र्याचा आहे, तिची कट्यार अस्सल आहे."

आधी ओमप्रकाशजी हसले. मग रुख्माबाई. मग असा हशा उठला की वाजंत्रीवाल्यांनी आपणच सुरुवात केली. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. लोक अक्षता टाकताना नवरदेवाकडे कमी आणि कट्यारीकडे जास्त बघत होते. खोटं कशाला बोलू, माझीसुद्धा छाती फुगली. माझ्याच घरची कट्यार होती ना!

परतीच्या एसटीत मी हळूच विचारलं, "साहेब, तुर्कस्तान तरी?"

"ट्रकच्या चाकावरची कमान, स्प्रिंगची पट्टी."

"पोर्तुगाल?"

"तीही कमानच. बहुतेक त्याच ट्रकची."

मी चीनबद्दल विचारलंच नाही.

प्रभाकररावांनी प्रदर्शनासाठी कट्यार मागितली तेव्हा जयवंता म्हणाली, "न्या जी. पण मी लोकाइले शब्द देल्ला हाय. लग्न असंन त्या दिवशी कट्यार लग्नाले जाईन." प्रभाकररावांनी कानाला हात लावला आणि कबूल केलं.

वर्ध्याचं प्रदर्शन सहा दिवस चाललं. मधोमध काचेची पेटी, तिच्यावर 'अस्सल जौहरदार कट्यार. मालक: सौ. जयवंताबाई ढगे'. सहापैकी चार दिवस लग्नतिथी. त्या दिवशी पेटीत एक पाटी ठेवलेली असायची. पाटी तीच, मी पेंटरकडून करून घेतलेली! फक्त उलटी करून मागच्या बाजूनं लिहिलेली: 'कट्यार लग्नाला गेली आहे. उद्या येईल. - ब. ढगे'.

ती पाटी वाचायला लोकांची झुंबड! केंद्रावरचे चौघे आले, हमाल आले, चंद्रभान जामहून आला. मी पेटीशेजारी इस्त्रीचा सदरा घालून उभा. काचेच्या पेटीत नाव लागणार म्हटलं होतं, लागलं की नाही?

एका म्हाताऱ्या बाईनं पाटी वाचली आणि जयवंताला विचारलं, "बाई, हे ब. ढगे कोण?"

मी सदरा सारखा केला, घसा खाकरला आणि एक पाऊल पुढं आलो. पण जयवंता आधी बोलली.

"हे होय? हे कट्यार पोचवून देतेत."