चंद्रीची वाकळ

सकाळी साडेसातला गहिनीनाथ घोडीसमोर घोंगडी घेऊन उभे होते आणि ती घालावी की नको, हे त्यांना काही केल्या ठरवता येत नव्हतं. माघ सरत आला होता. पहाटेची थंडी अंगावर काटा आणत होती, अकराच्या सुमाराला डोक्यावर टॉवेल घ्यावा असं ऊन पडत होतं आणि चार वाजता कुठून तरी ढग गोळा व्हायचे. असल्या हवेत माणसानं काय पांघरावं हेच कळत नाही, तिथं घोडीचं काय सांगणार?

चंद्री ही पांढरीशुभ्र घोडी. पाटोदा तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात गेले होते. तिला पांघरूण घालायचं काम गहिनीनाथांनी या दिवाळीपर्यंत कधी केलं नव्हतं. ते खातं त्यांच्या बायकोचं, वनमालाबाईंचं. उन्हाळी सुती झूल, पावसाची ताडपत्री, कडाक्याच्या थंडीला घोंगडी आणि अशा धरसोड हवेला वाकळ, असा त्यांचा हिशेब असे. वाकळ त्यांनी आपल्याच पाच जुन्या साड्यांची शिवली होती.

आता वनमालाबाई पुण्यात होत्या. दिवाळी झाल्यावर लेकीच्या, सत्यशीलाच्या बाळाला सांभाळायला म्हणून महिनाभरासाठी गेल्या, त्याला आता तीन महिने उलटून गेले होते. गहिनीनाथांना करमत नव्हतं. भाकरी येत होती, चहा येत होता, घर झाडता येत होतं. करमायचं तेवढं येत नव्हतं. पण हे बायकोला सांगायचं कसं? लग्नाला चौतीस वर्षं झाली, दोघं एकमेकांशी मनातलं कधी सरळ बोलले नव्हते. जे काय बोलायचं ते घोडीला. वनमालाबाई रुसल्या की चंद्रीला म्हणत, "तुज्या मालकाला सांग, भाकरी झाकून ठिवलीय." आणि गहिनीनाथ चंद्रीच्या मानेवर हात फिरवत म्हणत, "सांग तिला, भूक न्हाई." मग थोड्या वेळानं दोघंही जेवत. चंद्रीच्या आधी चंद्रीची आई होती, तेव्हा तिच्यामार्फत चालायचं.

त्यामुळे रोज आठ वाजता पुण्याला फोन लागायचा तो घोडीसाठीच.

"घोडीला आज काय घालू?"

"कानाच्या मुळाशी हात लावून बघा. ऊबदार हाय का गार?"

पहिल्या दिवशी गहिनीनाथांनी खरं सांगितलं होतं. कान ऊबदार होता. "मग झूल घाला अन् सोडा," असं म्हणून वनमालाबाईंनी फोन ठेवला होता. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात लावला, कान तसाच ऊबदार होता, आणि तोंडातून निघून गेलं, "गार हाय." त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. गुळात ओवा किती घालायचा, पाणी किती कोमट करायचं, वारा कुठल्या बाजूनं येतो, सगळं साग्रसंगीत झालं. तेव्हापासून चंद्रीचा कान रोज गार होऊ लागला.

अडचण एकच होती. कान गार म्हटलं की वनमालाबाई सांगायच्या, वाकळ घाला. आणि वाकळ गहिनीनाथांच्या बाजेवर होती. संक्रांतीपासून ते स्वतःच ती पांघरत होते. तिला घोडीच्या घामाचा वास येत होता, पण मधोमध हिरव्या साडीचा तुकडा होता. ती साडी नेसून वनमालाबाई पहिल्यांदा या घरात आल्या होत्या. त्या तुकड्यावर हात ठेवला की त्यांना झोप लागायची. तेव्हा कधी "वाकळ धुतलीय" तर कधी "वाळली न्हाई" असं सांगून ते घोडीवर घोंगडी टाकत होते. आज कान गार आहे म्हणून सांगायचं नक्की होतं, मग निदान आपल्या मनाला तरी ते खरं वाटावं म्हणून त्यांनी घोंगडीवर झूलही चढवली. आज नेमका पुण्याला फोन लागला नाही. त्या नादात दोन्ही पांघरुणं काढायची राहूनच गेली.

अकरा वाजता दारात जीप थांबली. कडा गावचे विजयसिंह उतरले. रविवारी त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं आणि वरातीला चंद्री ठरलेली होती. त्यांच्यासोबत बॅग घेतलेले गुरांचे डॉक्टर होते, आणि वाटेत पाटोद्यात चढलेला पाशा नालबंदही होता. पाशा गहिनीनाथांचा तीस वर्षांपासूनचा दोस्त. चंद्रीचे नाल तोच ठोकायचा.

"घोडी अखेरच्या घटका मोजतीय म्हणं," विजयसिंह म्हणाले. "आमी डॉक्टरच आणलाय."

गहिनीनाथ चाटच पडले. आपण तर फक्त कान गार आहे म्हणालो होतो. ही बातमी आली कुठून, असं त्यांनी विचारलं. विजयसिंहांची भाची पुण्यात सत्यशीलाच्याच इमारतीत राहत होती. घोडी आठ दिवसांपासून अन्नाला शिवत नाही आणि उभीसुद्धा राहत नाही, असं तिनं कळवलं होतं. गहिनीनाथ मनातल्या मनात म्हणाले, पुण्याला पोचेपर्यंत कानाचं बघता बघता मरण झालं की!

डॉक्टरांनी घोडीला हात लावला. भर उन्हात घोंगडी आणि तिच्यावर झूल, चंद्री घामानं निथळत होती. थर्मामीटरचा पारा चढलेला निघाला. डॉक्टरांनी मान हलवली. पाच दिवस इंजेक्शनं आणि महिनाभर विश्रांती, रविवारची वरात विसरा, असं सांगून त्यांनी बॅगेतून बोटभर जाडीची सुई काढली. चंद्रीनं सुईकडे पाहिलं आणि मग मालकाकडे पाहिलं.

आता गहिनीनाथांची पंचाईत झाली. निरोगी जनावराला आपल्यापायी सुई टोचणार. आणि खरं सांगावं तर चारचौघांत अब्रू जाणार. तेवढ्यात फोन वाजला. हात घामेजलेले म्हणून त्यांनी फोन पाशाकडे दिला, आणि पाशानं सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावून धरला.

"चंद्री कशी हाय?" वनमालाबाईंचा आवाज आला.

"भाभी, डॉक्टर सुई टोचाय लागलेत," पाशा म्हणाला. "दोन दोन पांघरुणं घालून घोडी उकडून काढलीय ह्यानं."

"दोन कावून? वाकळ कुटं गेली?"

पाशानं इकडे तिकडे पाहिलं. ओसरीवरच्या बाजेवर, उशीशेजारी, नीट घडी करून ठेवलेली वाकळ त्याला दिसली. तो म्हणाला, "वाकळ तर ह्याच्या बाजेवर हाय. काय बे गहिनीनाथ, घोडीची वाकळ तू पांघरतो का?"

डॉक्टरांची सुई चंद्रीच्या मानेपाशी आली. गहिनीनाथांनी डॉक्टरांचा हात धरला आणि फोनकडे न बघता, चंद्रीकडेही न बघता म्हणाले, "घोडीला काय झालं न्हाई. तिचा कान एक दिवस गार न्हवता. मला करमत न्हाई. त्या वाकळीत तुज्या साड्या हायत, म्हणून घेतली."

विजयसिंह खाली बघून चपलेनं माती उकरू लागले. फोनमधून वनमालाबाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मी पाटोद्याच्या स्टँडवर हाय. सकाळच्या पयल्या गाडीनं निघालते."

मग सगळा उलगडा झाला. पुण्यात विहीणबाई राहायला आल्या होत्या, बाळाचं सगळं त्याच बघत होत्या. वनमालाबाईंना तिथं काम उरलं नव्हतं. जाते म्हटलं की सत्यशीला विचारायची, आई, तिथं काय आहे तुझं? आता लेकीपाशी काय सांगणार? म्हणून त्यांनी घोडीचं दुखणं काढलं. कान गार झाल्यानं कुणी सोडत नाही हे दिसल्यावर त्यांनी चंद्रीचं अन्न तोडलं, आणि तेवढ्यानंही भागेना तेव्हा तिला आडवी पाडली.

"म्हणजे रविवारी वरात हाय?" विजयसिंहांनी विचारलं.

"घोडी ठणठणीत हाय," पाशा म्हणाला. "दुखणं मालकाला हाय अन् मालकिणीला. त्याला सुई न्हाई."

पांघरुणं उतरवली, चंद्रीला लिंबाच्या सावलीत बांधली. अर्ध्या तासात पारा जागेवर आला. डॉक्टर चहा पिऊन गेले.

गहिनीनाथ फाट्यावर जाऊन उभे राहिले. पाटोद्याची जीप आली आणि वनमालाबाई पिशवी घेऊन उतरल्या. दोघं समोरासमोर आले आणि मध्ये घोडी नसल्यामुळे कुणी काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. शेवटी वनमालाबाई म्हणाल्या, "वाळलात." गहिनीनाथांनी पिशवी घेतली.

दहा पावलं चालले असतील नसतील, तोच सत्यशीलाचा फोन आला. चंद्री कशी आहे आणि आई परत कधी येणार, असं ती विचारत होती. वनमालाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात गहिनीनाथांनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"सत्यशीले, घोडी बरी हाय. तुजी आई आता न्हाई यायची. ती मला हितं पायजे."

पलीकडे लेक हसली की रडली ते त्यांना समजलं नाही, कारण वनमालाबाईंनी फोन हिसकावून बंद केला होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"लेकीला असं सांगत्यात व्हय?" पदरात तोंड लपवत त्या म्हणाल्या. "घोडीचं सांगायचं हुतं."

आणि त्या घराच्या दिशेनं इतक्या भरभर चालू लागल्या, की पिशवी घेतलेल्या गहिनीनाथांना मागून जवळजवळ पळावं लागलं.